रोजचे आठ पेले

लखोट्यात एकच कागद होता आणि कागदावर तीन ओळी. सारिका भुवडने त्या दोनदा वाचल्या आणि कागद नवऱ्यापुढे सरकवला.

‘सहभागी क्रमांक ८७. स्नायूत टोचलेले द्रव्य : मिठाचे पाणी. वेदनेतील घट : समाधानकारक.’

संदेशने चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला. “मिठाचं पाणी म्हणजे कुठलं औषध हो, डॉक्टर?”

“औषध नाही,” डॉ. हेमांगी दाभोळे म्हणाल्या. “साधं सलाईन. एकशेवीस बायकांपैकी निम्म्यांना औषध टोचलं, निम्म्यांना हे. कोणाला काय मिळालं ते आजपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. चाचणीची रीतच तशी असते.”

संदेश कागदाकडे बघून हसला. वाईट मनाने नव्हे. मोठी काळजी एकदम हलकी झाली की माणूस हसतो, तसा. “सात वर्षं घर डोक्यावर घेतलंस की गं! आणि मिठाच्या पाण्यानं पळालं होय? आधी कळलं असतं तर खाडीवर नेऊन बसवली असती तुला.”

“दुखणं खोटं होतं असा याचा अर्थ होत नाही,” डॉक्टर घाईने म्हणाल्या. “दोन्ही गटांत बायकांना बरं वाटलंय. औषधाच्या गटात थोडं जास्त, पण फार नाही. कदाचित नुसती सुई आत गेल्यानंही...”

पण संदेश गाडी काढायला उठला होता. सारिकाने कागदाची चौघडी केली आणि पर्समध्ये टाकली. तिला बरं वाटत होतं हे खरं होतं. दुखत होतं हेही खरं होतं. मग हा कागद मधेच कोणाची बाजू घेत होता?

*

ते दुखणं सांगायलाच अवघड. ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत, स्नायूंची एक झोळी ताणून बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, आतडी असा वरचा सगळा संसार ती पेलते. ही झोळी वेळेला आवळायची आणि वेळेला सैल सोडायची असते. काही जणींची ती आवळलेलीच राहते. हाताची मूठ सात वर्षं वळून ठेवली तर हाताचं काय होईल? तेच त्या झोळीचं होतं. बसलं की निखाऱ्यावर बसल्यासारखं वाटतं, आणि सारिकाचा तर धंदाच बसण्याचा. कोयनावाहिनी नावाच्या कंपनीची विजेवरची बस ती चालवत असे. गुहागर ते कराड आणि परत, मधे कुंभार्ली घाट.

बसगाड्या एव्हाना शहाण्या झाल्या होत्या. वळण आलं की वेग आपणच कमी करत, समोर म्हैस आली की आपणच थांबत. तरी कायद्याने चालक लागे, आणि चालकाच्या आसनाखाली वजन ओळखणारी एक तबकडी असे. आसन रिकामं झालं की नियंत्रण कक्षात लाल दिवा लागे. आसन भरलेलं आहे की रिकामं, एवढं कंपनीला सेकंदासेकंदाला कळत होतं. त्यावर बसलेल्या बाईचं काय चाललंय ते कळायची सोय नव्हती.

सात वर्षांत सारिकाने पाच डॉक्टर केले. एकाने जंतुसंसर्ग सांगितला, एकाने वय सांगितलं, एकाने गर्भाशय काढून टाका म्हणून सांगितलं. चुलतसासूने तर देव बदलायला सांगितला. अखेर कराडच्या एका इस्पितळात या चाचणीची जाहिरात दिसली. औषध म्हणजे एका जिवाणूचं विष होतं. जास्त झालं तर माणूस दगावतो, पण कणभर टोचलं तर मज्जातंतूकडून स्नायूला जाणारा ‘आवळ’ हा निरोप तीन-चार महिने वाटेतच अडतो. श्रीमंत बायका सुरकुत्या घालवायला ते कपाळात टोचून घेत.

या चाचणीत नवं होतं ते दुसरंच. सुईबरोबर स्नायूत एक तंतू सोडत. रेशमाच्या धाग्याइतका बारीक आणि तांदळाच्या दाण्याएवढा लांब. स्नायू किती ताणलाय ते तो रात्रंदिवस मोजी, फोनवर आलेख काढी आणि सहा महिन्यांत विरघळून जाई. ‘किती दुखतं?’ असं विचारलं की आपल्याकडच्या बायका ‘बरं आहे’ म्हणतात. तंतूला ते शिष्टाचार ठाऊक नव्हते.

पहिला महिना नुसता मोजायचा होता. त्या महिन्यात सारिका बस चालवत होती. मग सुई टोचली आणि पुढचे तीन महिने कंपनीने तिला नियंत्रण कक्षात टेबलावर बसवलं. अट एकच, चाचणीचा निकाल कंपनीला कळवायचा.

आणि एक वही होती. किती पेले पाणी प्यायलं ते रोज लिहायचं. दर दिवसाला आठ छापील चौकोन. तुम्ही रोज आठ पेले प्यावेत अशी अपेक्षा आहे, असं वर लिहिलेलं. सारिका प्राथमिक शाळेत पहिल्या नंबरावर असायची. रिकामा चौकोन तिला बघवत नसे. तिने आठही चौकोनांत रोज बरोबरच्या खुणा केल्या.

*

“बसा, भुवडबाई,” पोतनीस म्हणाले. ते कोयनावाहिनीचे विभागप्रमुख. बोलणं मऊ, टेबल मोकळं. “अभिनंदन. बऱ्या झालात.”

“झाले साहेब. गाडी कधी देताय?”

“तेच बोलू. तुमचा निकाल आला. मिठाचं पाणी.” त्यांनी हे शब्द असे उच्चारले की जणू तिच्या पर्समध्ये चोरीचा चमचा सापडला होता. “आता बघा, औषधाशिवाय दुखणं गेलं. म्हणजे दुखणं मानसिक. आणि मानसिक असा शेरा फाइलीत पडला, की घाटाची गाडी मला देता येत नाही. चाळीस माणसांचा जीव असतो मागं.”

“मला मानसिक काही नव्हतं.”

“माझाही तसा आग्रह नाही.” त्यांनी एक कागद पुढे केला. “इथं सही करा. दुखणं घरगुती ताणामुळे होतं, कामाशी त्याचा संबंध नव्हता, आता ते पूर्ण बरं आहे. एवढंच. आमचे डॉक्टर आठल्ये मग लगेच फिट लिहितील. मंगळवारपासून गाडी तुमची.”

सारिकाला कागदामागच्या डावाचा वास आला. अकरा चालक बायकांनी दोन महिन्यांपूर्वी अर्ज केला होता : थांब्यावर दहा मिनिटं मोकळी द्या, नियम एकतीस बदला. नियम एकतीस असा : गाडी चार्जिंगला लावलेली असताना चालकाने गाडी सोडू नये. घाट चढून गेल्यावर हेळवाकला गाडी अठरा मिनिटं चार्जिंगला लागे. पुरुष चालक गाडीच्या मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून उभे राहत आणि परत येत. लाल दिवा लागला तरी त्यांनी गाडी सोडलेली नसे. नियम शाबूत.

“अर्जाचं काय झालं, साहेब?”

“कामामुळे कोणाला त्रास झाला असता तर विचार केला असता,” पोतनीस म्हणाले. “आतापर्यंत एकच उदाहरण पुढं आलं होतं. तुमचं. सोमवारी तुमची सुनावणी आहे, तेव्हा सही करूनच या.”

*

“सही कर,” संदेश म्हणाला. ओटीवर तो एक उघडा इन्व्हर्टर घेऊन बसला होता. “त्यांना काय लिहायचं ते लिहू दे. तुला गाडी पायजे ना?”

“घरगुती ताण लिहिलंय. म्हणजे तू.”

“मी?” त्याने पकड खाली ठेवली. “मी काय केलं?”

“काही नाही. म्हणूनच सही नको म्हणते.”

त्याने पकड पुन्हा उचलली. मग म्हणाला, “पण सारिका, खरं सांग. सलाईननं बरं झालं. मग होतं काय ते?”

कराडहून आल्यापासून हा प्रश्न तोंडात घेऊन तो घरभर हिंडत होता. सारिकाला राग आला, आणि रागाबरोबर भीतीही. हाच प्रश्न तीही चार दिवस स्वतःला विचारत होती. आपण खरंच नाटक केलं का? सात वर्षं, आपल्यालाच न कळता?

तिने फोन काढून त्याच्यापुढे धरला. “हे बघ. तुला रेघा कळतात. मला सांग मी खोटी आहे का.”

संदेशने आयुष्यभर पंप आणि इन्व्हर्टर दुरुस्त केले होते. रेघ म्हटलं की त्याचा चेहरा बदलायचा. “ही सरासरी आहे,” तो म्हणाला. “दिवसाला एक टिंब. सरासरीत काय कळतं? आमच्या डोंगरावरच्या लाईनचं सरासरी व्होल्टेज दोनशेतीस असतं आणि मोटारी जळतात. कच्ची नोंद कुठाय?”

कच्ची नोंद फोनवरच होती, तिच्या मालकीची. डॉक्टरांनी एकशेवीस बायकांच्या सरासऱ्या लावल्या होत्या. एकेका सेकंदाकडे बघायला कोणाला वेळ होता? संदेशने टेबलावरच्या कामाचा एक दिवस उघडला. रेघ बरीचशी खाली, आणि मधेमधे विहिरीसारखे खोल खड्डे.

“हे काय?”

“लघवी,” सारिका म्हणाली. “डॉक्टरांनी सांगितलेलं. स्नायू पूर्ण सैल सोडल्याशिवाय ती होतच नाही. तेवढ्यापुरती रेघ तळाला जाते.”

संदेशने खड्डे मोजले. पाच. नियंत्रण कक्षापासून संडास वीस पावलांवर होता. मग त्याने पहिल्या महिन्यातला, बस चालवण्याचा एक दिवस उघडला.

पहाटे पाचला एक खड्डा. मग रेघ चढू लागली. चिपळूणला एक टेकाड, घाटात दुसरं. आठ दहा ते आठ अठ्ठावीस, जणू कोणी उभी भिंत बांधली होती. कराडला पुन्हा चढ. परतताना बारा पन्नासला पुन्हा तीच भिंत. दुसरा खड्डा थेट दुपारी तीन पंचेचाळीसला. घरी.

त्याने दुसरा दिवस उघडला. तिसरा. सव्विसावा. एकावर एक ठेवले असते तर एकच रेघ दिसली असती.

“आठ दहाला काय असतं?”

“हेळवाक. चार्जिंग. समोर रस्त्यापलीकडे हॉटेलाचा संडास दिसतो. चाळीस पावलं. बसल्या जागेवरून दिसतो.”

“आणि कराडला?”

“आमच्या थांब्यावर कुलूप असतं. किल्ली वॉचमनकडं. वॉचमन चहाला.”

“रोज?”

“रोज.”

संदेश उठून स्वयंपाकघरात गेला आणि स्टीलची बाटली घेऊन आला. पहाटे साडेचारला उठून ती बाटली तोच भरत असे, सात वर्षं. “ही तू रिकामी आणायचीस.”

सारिकाने मान खाली घातली. “डेपोमागच्या दगडी गडग्याशी ओतायचे. भरलेली आणली असती तर तू विचारलं असतंस. प्यायलं की लागते, म्हणून प्यायचंच नाही. सगळ्याच बायका तसंच करतात, संदेश. तुझी आई लग्नाला निघाली की आदल्या रात्रीपासून पाणी तोडायची. कोणी शिकवलं आम्हाला कोण जाणे.”

तो बाटली हातात फिरवत राहिला. इतक्या वर्षांत त्याला कधी असं ओशाळलेलं तिने पाहिलं नव्हतं.

“सही करू नको,” तो म्हणाला.

*

सोमवारी सुनावणीला पोतनीस होते, कंपनीचे डॉक्टर आठल्ये होते, आणि सारिकाने बोलावल्यावरून डॉ. दाभोळे कराडहून आल्या होत्या. शिवाय नसीम मुकादम, चिपळूण-कराड गाडीची चालक. ती याच चाचणीत होती. बोलावलं कोणी नव्हतं, पण दारात उभी राहिली आणि मग खुर्ची ओढून बसली.

सारिकाने आलेख मांडला. ठिकाणं सांगितली, वेळा सांगितल्या. पोतनीसांनी शांतपणे ऐकलं. मग खणातून एक वही काढली. तिची वही.

“हे अक्षर तुमचं ना? चाचणीच्या कागदांबरोबर आलंय. सव्वीस दिवस, रोज आठ पेले पाणी. आठ पेले पिणारी बाई दहा तास लघवीला जात नाही, हे शास्त्राला धरून आहे का, डॉक्टर?”

डॉ. दाभोळेंनी सारिकाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, विश्वास मोडल्याचं दुःख होतं, आणि सारिकाला ते जास्त लागलं. घशात पंधरा कारणं आली. तिने ती सगळी गिळली.

“अक्षर माझं आहे,” ती म्हणाली. “लिहिलेलं खोटं आहे. मी दोन पेले प्यायचे. कधी दीड. आठ चौकोन होते म्हणून आठ खुणा केल्या. डॉक्टरांना वाईट वाटू नये म्हणून, अडाणी दिसू नये म्हणून. चूक माझी आहे. तिची काय शिक्षा असेल ती द्या. पण वही मी लिहिली, साहेब. आलेख मी लिहिला नाही. मला हवा तसा तो काढताच येत नाही. तुमच्या आसनाखालच्या तबकडीशी वेळा लावून बघा. सव्वीस दिवसांत मी हेळवाकला एकदा तरी आसन सोडलंय का, तुमच्याकडेच लिहिलेलं असेल.”

पोतनीसांनी वही मिटली. ते त्यांच्याकडे लिहिलेलं होतं.

“तरीसुद्धा,” ते म्हणाले, “बरं केलं ते मिठाच्या पाण्यानंच.”

“आणि मला खऱ्या औषधानं केलं!” नसीम उसळली. “मिळालं ना मला ते विष, अस्सल! दीड महिना जन्नत होती. मग रजा संपून परत गाडीवर बसले, आणि महिन्याभरात होते तिथं. सारिकाला पाणी टोचलं आणि टेबलावर बसवलं, ती बरी. मला औषध टोचलं आणि बसवर बसवलं, मी आडवी. आता तुम्हीच सांगा साहेब, गुण सुईचा की संडासाचा?”

डॉ. आठल्यांना हसू आलं. त्यांनी ते रुमालात लपवलं.

डॉ. दाभोळे सावकाश बोलल्या. “दोन बायकांवरून मी निष्कर्ष काढणार नाही. काढला तर मी शास्त्रज्ञ नाही. पण मी सरासरीत बघत होते, आणि उत्तर मिनिटांत होतं, हे मला मान्य करावं लागेल. बाकीच्या चालक बायकांना तंतू लावू द्या. इस्पितळाकडून. वह्या नकोत.”

“ते पुढचं पुढं,” पोतनीस म्हणाले. “आज प्रश्न भुवडबाईंचा आहे. कागद तयार आहे. सही आणि गाडी, किंवा सही नाही आणि शेरा.”

सारिकाने पेन उचललं. कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर सावकाश, शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिलं : ‘मला दुखत होतं. दहा तास धरून ठेवल्यामुळे दुखत होतं. मला बरं आहे, कारण आता धरून ठेवत नाही.’ खाली सही केली आणि कागद पोतनीसांना न देता डॉ. आठल्यांच्या पुढे ठेवला.

“शेरा तुम्ही लिहिणार ना? लिहा. मला तपासलंय तुम्ही. स्नायू कसा आहे?”

आठल्ये भिडस्त गृहस्थ होते. निवृत्तीला सात महिने उरले होते आणि इतकी वर्षं त्यांनी मूग गिळून काढली होती. त्यांनी पोतनीसांकडे पाहिलं, आलेखाकडे पाहिलं, मग चष्मा पुसायला घेतला.

“स्नायू उत्तम आहे,” ते अखेर म्हणाले. “मानसिक लिहायला मला काही सापडलं नाही हो, पोतनीस. नसलेलं कसं लिहू?”

त्यांनी फिट लिहिलं.

“गाडी घ्या मग,” पोतनीस उठत म्हणाले. “पण नियम एकतीस आहे तिथंच आहे. पहिल्यांदा मोडलात तर निलंबन. हे मी आत्ताच सांगून ठेवतो, साक्षीदारांसमोर.”

“बरं झालं सांगितलंत,” सारिका म्हणाली. “साक्षीदार आहेत ते.”

*

मंगळवारी पहाटे संदेशने बाटली भरली. चिपळूणला ती अर्धी झाली होती. घाटाच्या माथ्यावर संपली.

आठ दहाला गाडी हेळवाकला लागली. गाडीने चार्जिंगची तार आपणच जोडून घेतली आणि सारिकाने आसनावरूनच हिरवा दिवा बघितला. समोर रस्त्यापलीकडे पत्र्याचं निळं दार. सात वर्षांच्या सवयीने तळाची मूठ वळायला लागलेली तिला कळली. कोणताही तंतू न लागता कळली.

तिने ध्वनिक्षेपक हातात घेतला.

“मंडळी, गाडी अठरा मिनिटं थांबणार आहे. मी लघवीला जातेय. ज्या बायांना यायचं असेल त्यांनी चला.”

गाडीतल्या माना खाली गेल्या, जणू तिने शिवी दिली. पुढच्या बाकावरच्या एका माणसाने वर्तमानपत्र तोंडापुढे घेतलं. मागून कोणीतरी पुटपुटलं, “हे काय माइकवर सांगायचं?” सारिका उठली. आसन रिकामं झालं. आतल्या पडद्यावर लाल अक्षरं लुकलुकली आणि नियंत्रण कक्षातला आवाज आला, “गाडी चौदा, चालक आसनावर नाही. चालक, उत्तर द्या.”

ती पायरीवर थांबली. आजच नोकरी जाईल. कदाचित नसीमही उद्या हेच करील आणि तिचीही जाईल. कदाचित अर्जावरच्या बाकीच्या नऊ जणीही करतील. अकरा चालक एका दिवसात कुठून आणतील, बघू या.

“थांब गो बाय,” मधल्या बाकावरून एक म्हातारी सीट धरधरून उठली. काखेत पिशवी, नाकात मोठी नथ. “काल रात्रीपासना पाणी नाय प्यालंय मी या गाडीच्या भ्यानं. हात दे मला.”

तिच्यामागे कराडच्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली उठल्या. मग पोर कडेवर घेतलेली एक. मग एकदम सहा-सात. वर्तमानपत्र तोंडापुढे धरलेल्या माणसाची बायकोही उठली आणि जाताना तिने आपली पर्स त्याच्या मांडीवर टाकली.

“चालक, उत्तर द्या,” आवाज पुन्हा म्हणाला.

गाडीच्या दाराशी नोंदवही टांगलेली होती. बिघाड झाला तर लिहायची. सारिकाने दोरीला बांधलेलं पेन घेतलं, वेळ बघितली आणि चौकोनात लिहिलं :

‘८.१३. हेळवाक. गाडी चार्जिंगला. चालक लघवीला गेली. गाडी ठीक. चालक ठीक.’

मग म्हातारीचा हात धरून तिने दोन्हीकडे बघितलं आणि रस्ता ओलांडायला सुरुवात केली.